हार्ड डिस्क आवाज करतेय? तपासायची कशी आणि कोणत्या क्रमाने

हार्ड डिस्कमधून टक्-टक् किंवा खरखर ऐकू आली की बहुतेक घरांत ठरलेला प्रकार होतो. आधी रीस्टार्ट. मग पुन्हा रीस्टार्ट. मग कुणीतरी सांगितलं म्हणून रात्रभर चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासायची सोय. सकाळी डिस्कच दिसेनाशी होते आणि तेव्हा बॅकअपची आठवण येते. यातलं चेकडिस्क उपयोगाचं आहे, रीस्टार्टही कधीकधी लागतो. चुकतो तो क्रम. बिघडू लागलेल्या डिस्ककडे फिरायला काही तास, कधी काही मिनिटंच उरलेली असतात. ती चाचण्यांत घालवली की फाइली काढायला काही शिल्लक राहत नाही.

म्हणून इथला क्रम असा: डिस्क थांबवा, आवाज नक्की तिचाच आहे का ते तिला न फिरवता ठरवा, वीज तपासा, मोजून दोनदा ऐका, फाइली काढा. सखोल चाचणी त्यानंतर.

## तयारी

डिस्क पुन्हा चालू करण्यापूर्वी पुढच्या गोष्टी टेबलावर हव्यात. अर्ध्या कामात दुसरी डिस्क विकत आणायला धावलात, तर तोवर पहिली उगाच फिरत राहते.

१. निदान तेवढ्याच क्षमतेची दुसरी, चांगली डिस्क. १ टीबीच्या डिस्कची हुबेहूब प्रत घ्यायची तर १ टीबी पुरेलच असं नाही, कारण दोन डिस्कच्या नेमक्या आकारात थोडा फरक असतो. २ टीबीची घ्या.

२. आवाज टिपायला फोन. रेकॉर्डिंग पुढे दुरुस्तीवाल्याला ऐकवता येतं आणि त्यासाठी डिस्क पुन्हा फिरवावी लागत नाही.

३. फॉइलच्या रोलमधली पुठ्ठ्याची नळी. एक टोक कानाला, दुसरं डिस्कजवळ. बरेच जण स्क्रूड्रायव्हर टेकवून ऐकतात. तो डिस्कच्या खालच्या सर्किटवर घसरला तर शॉर्ट होतो. नळीने तेवढंच ऐकू येतं.

४. स्क्रूड्रायव्हर, शक्यतो मल्टिमीटर, आणि डिस्क ठेवायला जुनी वही किंवा माउसपॅड. टॉवेल किंवा उशी नको, उष्णता कोंडते.

५. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की. नव्या लॅपटॉपवर विंडोज बऱ्याचदा न विचारता हे कुलूप (एन्क्रिप्शन) चालू करतं आणि की मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवतं. की नसेल तर डिस्कवरून एकूण एक बिट काढूनही फाइल उघडणार नाही. आत्ताच दुसऱ्या फोनवरून लॉगिन करून की लिहून घ्या.

६. शांतता. ठाण्यातल्या घोडबंदर रोडलगतच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी हे काम जमणार नाही. पंखा, एसी बंद, खिडक्या बंद आणि रात्र झालेली. हेडचे, म्हणजे डिस्कमधल्या फिरत्या तबकडीवरून डेटा वाचणाऱ्या टोकांचे, बारीक ठोके हॉर्नच्या गदारोळात हरवतात, आणि मग माणूस ‘नीट ऐकू आलं नाही’ म्हणून डिस्क पाचव्यांदा चालू करतो.

डिस्कच्या लेबलचा फोटोही काढून ठेवा. मॉडेल आणि सीरियल नंबर पुढे दोनदा लागतील.

## टप्पा १ : चालू आहे? पहिल्या दहा सेकंदांतला निर्णय

पुढच्या तीनपैकी एखादा आवाज असेल तर विचार करत बसू नका, बंद करा.

- धातूवर धातू घासल्यासारखी सलग खर्रर्र.
- एका लयीत, एकाच अंतराने येणारी टक्… टक्… टक्, आणि डिस्क दिसत नाही किंवा सगळं हँग झालंय.
- डिस्क फिरतच नाही; फक्त कूं-कूं किंवा बीपसारखा बारीक सूर येतो.

खर्रर्र असेल तर विंडोजचं शटडाउन पूर्ण होण्याची वाट बघू नका, ते जाता जाता डिस्कवर बरंच काही लिहितं. पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा. ‘अचानक वीज तोडली तर हेड तबकडीवर आपटेल’ ही भीती जुनी आहे. वीज गेली की फिरत्या तबकडीच्या गतीतूनच मोटर थोडी वीज तयार करते आणि तिच्यावर हेड मागे नेऊन ठेवले जातात. तेव्हा नेहमीपेक्षा मोठा ‘खट्’ येतो, तो ठीक आहे.

बाकीच्या आवाजांसाठी उघड्या फाइली बंद करून नेहमीसारखं शटडाउन करा.

सावधान: बंद केल्यावर अर्धा मिनिट डिस्क जागची हलवू नका. तबकडी थांबायला वेळ लागतो. आवाज येतोय म्हणून लोक चालू एक्स्टर्नल डिस्क उचलून कानाला लावतात. तोवर धड असलेली डिस्कही यात जाऊ शकते.

## टप्पा २ : आवाज डिस्कचाच आहे का?

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. खरं तर यात डिस्कचं एक सेकंदही खर्च होत नाही.

१. कॉम्प्युटर बंद करा, भिंतीवरचा स्विच बंद करा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा.

२. डिस्कच्या दोन्ही केबल काढा, डेटाची आणि पॉवरची. लॅपटॉपमधली २.५ इंची डिस्क सोपी निघत असेल तर बाहेर काढा.

३. कॉम्प्युटर चालू करा. बूट होणार नाही, पडद्यावर डिस्क सापडत नसल्याचा संदेश येईल. येऊ द्या. दोन मिनिटं ऐका.

आवाज अजून येतोय? मग डिस्क निर्दोष आहे. बहुतेक वेळा पंखा असतो. ठाण्यात गेली काही वर्षं जागोजागी बांधकामं चालू आहेत. ती बारीक धूळ पंख्याच्या पात्यांवर असमान साचते आणि घरघर सुरू होते. सैल वायर पंख्याच्या पात्याला लागत असेल तर अगदी एकसुरी टर्रर्र येते आणि ती हेडच्या आवाजासारखीच वाटते. एसएमपीएसचा (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) पंखा, ग्राफिक्स कार्डचा पंखा, सैल पडलेली कॅबिनेटची बाजू हेही बघा. चालू होताना एकदाच येणारा गर्रर्र डीव्हीडी ड्राइव्हचा असू शकतो.

आपल्याकडे मुळात हार्ड डिस्क आहे का, हेही तपासा. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली डिस्कच्या नावाशी एसएसडी की एचडीडी ते लिहिलेलं असतं. एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं. ती टक्-टक् करूच शकत नाही.

बीप ऐकू आला असेल तर तो कुठून येतो ते आधी ठरवा. यूपीएस बॅटरीवर गेला की बीप करतो. रॅम सैल असेल तर मदरबोर्ड बीप करतो. आणि सोसायटीच्या वॉचमन केबिनमधला डीव्हीआर (सीसीटीव्हीचं फुटेज साठवणारा डबा) बीप करत असेल तर तो त्याच्या आतला बझर असतो, डिस्क नव्हे. डिस्कमध्ये बिघाड, डिस्क भरली, कॅमेऱ्याचं चित्र गेलं, या सगळ्यांसाठी तोच एक बझर वाजतो. नेमकं कारण डीव्हीआरच्या मेनूत बघायला मिळतं.

सावधान: तोच मेनू ‘डिस्क फॉरमॅट करा’ असंही सुचवतो. बीप बंद व्हावा म्हणून कमिटीतलं कुणीतरी ते बटण दाबतं, आणि दोन दिवसांनी चोरीचं फुटेज मागायला पोलिस येतात. फॉरमॅटला हात लावू नका. डीव्हीआर बंद करा, डिस्क काढून ठेवा, जागी नवीन लावा.

तपासा: केबल काढल्यावर आवाज थांबला असेल तरच पुढे जा.

## टप्पा ३ : वीज पुरते का?

टक्-टक् करणाऱ्या डिस्कपैकी काही पूर्ण निरोगी असतात, उपाशी असतात एवढंच. चालू होताना मोटरला सर्वांत जास्त करंट लागतो. तो मिळाला नाही की तबकडी पुरेसा वेग पकडत नाही, डिस्क थांबते, पुन्हा सुरू होते, पुन्हा थांबते. कानाला हे बिघडलेल्या हेडसारखंच वाटतं.

२.५ इंची एक्स्टर्नल डिस्क : ही सगळी वीज यूएसबीच्या ५ व्होल्टवर घेते. यूएसबी २ चं पोर्ट अधिकृतपणे ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. चालू होताना अशा डिस्कला १ अँपिअरच्या आसपास लागू शकतो. म्हणून कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला, लांब एक्स्टेंशनला किंवा बिनविजेच्या हबला लावू नका. डेस्कटॉपला मागचं, थेट मदरबोर्डवरचं पोर्ट वापरा. केबल बदलून बघा, आखूड आणि दुसरी. टीव्हीला लावली की टक्-टक् आणि लॅपटॉपला लावली की गप्प, असं असेल तर उत्तर मिळालं.

३.५ इंची एक्स्टर्नल डिस्क : हिला वेगळा अडॅप्टर असतो, बहुधा १२ व्होल्ट, दीड ते २ अँपिअर. घराघरांत याच पिनेचे दोन-चार अडॅप्टर पडलेले असतात आणि अदलाबदल होते. राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर व्यवस्थित बसतो, पण तो अनेकदा १ अँपिअर किंवा त्याहून कमीचा असतो. डिस्क धापा टाकते. याच्या उलट प्रकार वाईट: १९ व्होल्टचा अडॅप्टर बसला आणि लावला, तर सर्किट जळतं. अडॅप्टरवरचे व्होल्ट अगदी तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, आणि प्लस-मायनसची खूण जुळायला हवी. जुना अडॅप्टर आकडे बरोबर असूनही थकलेला असू शकतो. दुसरा मिळवून एकदा बघा.

डेस्कटॉपमधली डिस्क : पॉवरचा दुसरा कनेक्टर लावून बघा. मल्टिमीटर असेल तर एसएमपीएसच्या रिकाम्या चार पिनी कनेक्टरवर मोजा. काळी वायर ग्राउंड. पिवळीवर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लालवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. चार पिनीवरून साटावर (आजच्या डिस्कच्या चपट्या कनेक्टरवर) नेणारे साच्यात ओतलेले स्वस्त जोड टाळा. आतल्या वायरी एकमेकींना टेकून जळालेले असे जोड दुरुस्तीच्या टेबलावर नेहमी दिसतात.

सावधान: केबल सुट्या होणाऱ्या एसएमपीएसमध्ये एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावू नका. डिस्ककडचं टोक सारखं असलं तरी एसएमपीएसकडच्या पिनांचा क्रम वेगळा असतो. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की एका क्षणात सगळ्या डिस्क जातात.

वीज बदलून आवाज गेला तरी टप्पा ५ गाळू नका. वीज कमी पडल्याने अनेकदा चालू-बंद झालेल्या डिस्कची प्रत घेऊन ठेवणंच बरं.

## टप्पा ४ : मोजून दोनदा ऐका

डिस्क आता वहीवर, सपाट, एकटी. फोनचं रेकॉर्डिंग सुरू. तीस सेकंदांच्या दोन फेऱ्या, तिसरी नाही. टप्पा १ मध्ये खर्रर्र ऐकू आली असेल तर एकही नाही. तुम्ही थेट टप्पा ८ वर जा.

बोटाचं टोक डिस्कच्या कडेला हलकं टेकवा. फिरत असेल तर बारीक थरथर जाणवते. निदानातला पहिला प्रश्न हाच आहे: फिरते की नाही?

निरोगी डिस्कचा क्रम लक्षात ठेवा, कारण तुलना त्याच्याशी करायची आहे. वीज मिळताच चढत जाणारा सूं असा आवाज, पाच ते दहा सेकंद. मग हेड बाहेर येताना एक-दोन ठोके आणि थोडी कुरकुर. त्यानंतर एकसारखी भुणभुण. ७२०० आरपीएमची (मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांची) डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या घेते, ५४०० ची ९०. म्हणून पहिलीचा सूर थोडा चढा असतो.

आता आवाजांकडे.

कुरकुर, बारीक कडकड, फाइली उघडताना. हेड इकडून तिकडे जात आहेत. काम करणाऱ्या डिस्कचा हा आवाज आहे. एसएसडीची सवय झालेल्या माणसाला तो भयंकर वाटतो, एवढंच.

रिकामी असताना अधूनमधून एक ‘टक्’. काम नसलं की काही डिस्क हेड रॅम्पवर, म्हणजे तबकडीच्या कडेच्या छोट्या उतारावर, ठेवून देतात आणि काम आलं की पुन्हा काढतात. लॅपटॉपच्या आणि ‘हिरव्या’ धाटणीच्या कमी वीज खाणाऱ्या डिस्कमध्ये हे फार. धोका आजचा नाही, पण मोजावा असा आहे. टप्पा ६ मध्ये १९३ क्रमांक बघू. मोठ्या क्षमतेच्या काही डिस्क रिकाम्या असताना साधारण दर पाच सेकंदांनी हलका ठोका देतात. हेड एकाच जागी तरंगत राहू नये म्हणून कंपनीनेच केलेली ती हालचाल आहे. डिस्क नेहमीच्या वेगाने चालत असेल तर सोडून द्या.

घुमणारी भुणभुण, जी कॅबिनेटवर हात ठेवला की बदलते. कंप डिस्कचा, पण आवाज पत्र्याचा. आता वहीवर ठेवल्यावर तो गेला असेल तर दोष बसवण्यात आहे. टप्पा ७.

चढा, शिट्टीसारखा सतत सूर. बेअरिंगची झीज. आजच्या डिस्कमध्ये द्रवाचं बेअरिंग असतं, त्यामुळे हा सूर जुन्या बॉल बेअरिंगच्या डिस्कइतका ऐकू येत नाही. नव्या डिस्कमध्ये आलाच तर तो जास्त गंभीर समजा. फाइली अजून वाचल्या जात असतील, म्हणून आजच काढा.

डिस्क दिसते, चालते, पण एखादा ठरावीक फोल्डर उघडला की टक्-टक् आणि सगळं अडकतं. त्या जागचे सेक्टर, म्हणजे तबकडीवरचे डेटाचे छोटे कप्पे, खराब आहेत. डिस्क तेच ते पुन्हा वाचायचा प्रयत्न करते. इथेच लोक हट्टाला पेटतात आणि तोच फोल्डर वीसदा उघडतात. बाकीची नव्वद टक्के डिस्क वाचता येण्यासारखी असते. हेड त्या एका जागेवर झिजवू नका.

फिरते, आणि लगेच एका लयीत टक्, टक्, टक्; मग थांबते किंवा पुन्हा सुरू होते. तबकडीवर कारखान्यातच स्थान दाखवणाऱ्या खुणा लिहिलेल्या असतात. हेडला त्या वाचता आल्या नाहीत की आपण कुठे आहोत हे डिस्कला कळत नाही; ती हेड धरणारा हात पार मागे नेते आणि पुन्हा सुरुवात करते. प्रत्येक ‘टक्’ म्हणजे तो हात टोकाला जाऊन आपटल्याचा आवाज. वीज बरोबर असताना हा आवाज असेल तर हेड किंवा त्याच्याजवळची सिग्नल वाढवणारी चिप गेली आहे. घरी याला इलाज नाही, आणि प्रत्येक नवी फेरी तबकडीला ओरखडा पाडू शकते. टप्पा ८.

फिरत नाही, कूं-कूं करते. डिस्कमध्ये स्पीकर नसतो. तो ‘बीप’ म्हणजे अडकलेल्या मोटरच्या वेटोळ्यांची धडपड असते. एक तर हेड रॅम्पवर न जाता तबकडीला चिकटलेत, नाहीतर मोटरच जाम आहे. डिस्क पडली असेल तर बहुधा पहिलं. वीज बदलूनही तसंच असेल तर थांबा. जोर मिळावा म्हणून वारंवार चालू केलंत, तर चिकटलेले हेड उपटून निघू शकतात.

फिरत नाही आणि आवाजही नाही. वीज, अडॅप्टर किंवा डिस्कचं सर्किट. ऐकण्यासारखं काही नाही. टप्पा ३ पुन्हा बघा.

## टप्पा ५ : फाइली काढा, चाचणीच्या आधी

इथे फक्त त्या डिस्क येतात ज्या स्थिर फिरतात आणि कॉम्प्युटरला स्वतःच्या खऱ्या क्षमतेसह दिसतात.

सावधान: डिस्क जोडताच विंडोज ‘स्कॅन अँड फिक्स’, ‘फॉरमॅट’ किंवा ‘इनिशियलाइझ’ विचारेल. तिन्हींना नाही. डीव्हीआरची डिस्क जोडली तर हा प्रश्न हमखास येतो, कारण तिची मांडणी विंडोजला कळत नाही.

आवाज सौम्य असेल आणि वेग नेहमीचा असेल तर साधी कॉपी चालेल. पण निवडून. आधी लहान आणि पुन्हा न मिळणारं: टॅलीचा डेटा फोल्डर, स्कॅन केलेली कागदपत्रं, शाळेची सर्टिफिकेटं, मग फोटो, मग व्हिडिओ. सिनेमे शेवटी, वेळ उरला तर. सगळा ड्राइव्ह एका दमात निवडून ओढू नका; मध्ये एक खराब फाइल आली की सगळं तिथेच अडकतं.

अडखळणाऱ्या डिस्कसाठी विंडोज सोडा. पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी यंत्रणा) चालवून डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची प्रत घेणारा प्रोग्राम वापरा. त्याचं बलस्थान त्याच्या क्रमात आहे: जे सहज वाचता येतं ते आधी उचलतं आणि अडलेली जागा सोडून पुढे जातं.

१. लिनक्समध्ये आवाज करणारी डिस्क माउंट होऊ (फाइली दाखवायला उघडू) देऊ नका.

२. कोणती डिस्क मूळ आणि कोणती प्रतीची, ते सीरियल नंबरवरून ठरवा. लेबलचा फोटो यासाठी काढला होता. दोघींची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेलीवर लिहिली जाईल. हे परत आणता येत नाही.

३. मॅप फाइल, म्हणजे कुठवर वाचून झालं त्याची नोंद, द्यायला विसरू नका, आणि ती तिसऱ्याच ठिकाणी, म्हणजे दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा. लाइट गेली किंवा डिस्क तापली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं.

४. पहिली फेरी खराब जागा न खरवडता. ती पूर्ण झाल्यावरच उरलेल्या जागांवर दोन-तीन प्रयत्न.

५. चेकडिस्क किंवा फाइली शोधणारं सॉफ्टवेअर चालवायचं ते या प्रतीवर. मूळ डिस्कवर नाही.

वेळेचा अंदाज आधी घ्या. यूएसबी २ वर सेकंदाला ३० ते ३५ एमबी मिळतात, म्हणजे १ टीबीला आठ-नऊ तास. यूएसबी ३ किंवा थेट साटावर निरोगी वेग असेल तर दोन-तीन तास. यूपीएस लावा, पावसाळ्यात तर लावाच. स्लीप बंद करा. टेबल फॅनचा झोत डिस्कवर ठेवा. बहुतेक डिस्कना कंपनी ६० अंशांपर्यंत मुभा देते, पण आजारी डिस्क ४५ च्या आत राहिलेली बरी.

तपासा: नवा आवाज सुरू झाला किंवा वेग काही केबींवर येऊन तिथेच राहिला, तर थांबा. ‘आता थोडंच राहिलंय’ हे वाक्य पुष्कळ डिस्कना महागात पडलंय.

एक्स्टर्नल डिस्कचं आवरण फोडून आतली डिस्क थेट जोडायचा मोह होईल. काही मॉडेलमध्ये आवरणातली चिप सगळा डेटा एन्क्रिप्ट करते, त्यामुळे थेट जोडल्यावर नुसता कचरा दिसतो. काहींमध्ये यूएसबीचा कनेक्टर डिस्कच्या सर्किटवरच असतो, साटा नसतोच.

## टप्पा ६ : आकडे वाचा, मग चाचणी

क्रिस्टलडिस्कइन्फो, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेल्या तब्येतीच्या नोंदी दाखवणारा प्रोग्राम, उघडा. नुसते आकडे वाचायला डिस्कला काहीच श्रम पडत नाहीत, त्यामुळे हे कॉपीच्या आधी एकदा केलं तरी चालेल. चाचणी मात्र नंतरच. कच्चे आकडे सुरुवातीला षोडशमान पद्धतीत दिसतात. सेटिंगमध्ये दशमान करून घ्या, नाहीतर ‘१०’ म्हणजे सोळा हे लक्षात येत नाही.

बघायचे क्रमांक पाचच. ५ : बदलून टाकलेले सेक्टर. १९७ : वाचता न आलेले, निर्णय बाकी असलेले सेक्टर. १९८ : वाचता न आल्याची नोंद झालेले. हे तिन्ही शून्य असावेत. शून्य नसतील आणि आठवड्यात वाढत असतील तर डिस्क निवृत्त करा. १० : मोटर पुन्हा फिरवावी लागली. शून्याहून जास्त असेल तर वीज किंवा बेअरिंग. १९९ : केबलवरची चूक. हा आकडा कधी कमी होत नाही, म्हणून केबल बदलून तो वाढायचा थांबला का एवढंच बघायचं.

१९३ हा हेड किती वेळा रॅम्पवरून ये-जा करतात त्याचा आकडा, मघाचा तो ‘टक्’. डिस्कनुसार ३ लाख किंवा ६ लाख फेऱ्यांची मर्यादा सांगितलेली असते. रोज हजारांनी वाढत असेल तर पॉवर सेटिंग बदला.

नेहमीची घाबरगुंडी: सीगेटच्या डिस्कवर क्रमांक १ आणि ७ चे आकडे कोट्यवधींत दिसतात. त्यात एकूण वाचनांची संख्याही मिसळलेली असते. दुर्लक्ष करा. उलट चूक जास्त महागडी आहे: वर निळ्या चौकोनात ‘गुड’ लिहिलंय म्हणून टक्-टक् सोडून देणं. तो शेरा नोंदलेल्या आकड्यांवरूनच ठरतो. कान आणि शेरा यांचं जमत नसेल तर कानावर विश्वास ठेवा.

प्रत घेऊन झाली, ती उघडून बघितली, की मग डिस्कची स्वतःची लघु चाचणी, साधारण दोन मिनिटं. ती उतरली तर दीर्घ: १ टीबीला दोन तासांच्या आसपास, ४ टीबीला आठच्या पुढे.

## टप्पा ७ : घरी बरे होणारे आवाज

भुणभुण असेल तर स्क्रू बघा. ३.५ इंची डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात, २.५ इंचीचे बारीक एम३. दिसायला सारखे, बदलून घातले तर अर्धे बसतात आणि आटे खातात. चारही स्क्रू लावा. दोनवर टांगलेली डिस्क थरथरते. लांब स्क्रू जोराने आत सारू नका. रबराच्या वॉशरने फरक पडतो. डिस्क आडवी किंवा उभी ठेवा, तिरकी नको.

एक्स्टर्नल डिस्क दर थोड्या वेळाने थांबून पुन्हा सूं करत असेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये डिस्क बंद करायची मिनिटं बघा. मूळची २० असतात. शून्य केलं की थांबणार नाही. काही डिस्कना मात्र स्वतःचा टायमर असतो.

डीव्हीआरसाठी: भिंतीला चिकटवलेल्या बंद लाकडी खोक्यात डिस्क मे महिन्यात भाजते. खोक्याला जाळी लावा आणि बदलताना सीसीटीव्हीसाठीच बनवलेली डिस्क घ्या. डेस्कटॉपची डिस्क चोवीस तास लिहीत राहण्यासाठी नसते.

## टप्पा ८ : इथून पुढे घरी काही नाही

टक्-टक् आणि डिस्क दिसत नाही, कूं-कूं, किंवा खर्रर्र, या तिघींसाठी.

फ्रीझरमध्ये ठेवू नका. ठाण्याच्या जुलैमधल्या हवेत थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर पाणी जमतं, सर्किटवर आणि आत तबकडीवरही. टेबलावर ठोकू नका. झाकण उघडू नका: हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं आणि धुळीचा कण त्याच्या कित्येक पट मोठा असतो. तशाच मॉडेलचं सर्किट विकत घेऊन लावू नका. प्रत्येक डिस्कची स्वतःची मोजमापं सर्किटवरच्या छोट्या चिपमध्ये असतात, ती हलवल्याशिवाय नवं सर्किट बहुधा चालत नाही.

पॅकिंग: अँटिस्टॅटिक पिशवी, चारी बाजूंनी पाच सेंटीमीटर बबल रॅप, घट्ट बसणारा खोका. बंद डिस्क एरवी धक्के बऱ्यापैकी सोसते, कारण हेड रॅम्पवर असतात. तुमच्या डिस्कचे हेड तबकडीवरच अडकलेले असू शकतात. म्हणून स्कूटरच्या डिकीत नको. ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत नेणार असाल तर दुपारची गाडी पकडा आणि खोका मांडीवर ठेवा.

नौपाड्यातलं दुकान असो की वाशीतलं, काउंटरवर पहिलं वाक्य हे सांगा: ‘चालू करून बघू नका, रेकॉर्डिंग ऐका.’ मग विचारा: डिस्क उघडणार ती स्वच्छ हवेच्या कक्षात का, की दुसरीकडे पाठवणार? तपासणीचे किती, डेटा मिळाला नाही तर किती? लेखी द्याल का? डिस्क पडली होती का, किती वेळा चालू केली, कोणतं सॉफ्टवेअर चालवलं, हे खरं सांगा. त्यावर त्यांचं पहिलं पाऊल ठरतं. हवे असलेले फोल्डर नावानिशी लिहून द्या.

वॉरंटी बाकी असेल तर लक्षात घ्या: कंपनी डिस्क बदलून देते, डेटा देत नाही, आणि जुनी परतही मिळत नाही. आधी डेटा, मग वॉरंटी. डेटा काढणारे डिस्क उघडणार असतील तर वॉरंटीचं काय होईल ते आधीच विचारून घ्या.

फाइली हाती आल्या की वीस-पंचवीस उघडून बघा. मोठे व्हिडिओ शेवटपर्यंत पळवून बघा, टॅलीची कंपनी लोड करून बघा. जुन्या डिस्कवर मार्करने तारीख आणि ‘आवाज, वापरू नये’ असं ठळक लिहा, नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत ती कुणाच्या तरी हाती लागेल आणि त्याच डिस्कवर लग्नाचे फोटो चढतील.